नागपूरहून आलेला गारवा

‘नागपूरचें आहे. गार करीलच की.’

आत्याचं हे वाक्य मी बंद दाराबाहेरून ऐकलं. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या आणि दार कोपरानं ढकलावं की पायानं, या विचारात मी उभी होते. आईनं आत काहीतरी हळूच विचारलं असणार. काय विचारलं ते बाहेर पोचलं नाही. उत्तर मात्र पोचलं, आणि त्यात इतकी खात्री होती की आईनं पुन्हा काही विचारलं नाही. मी कोपरानं दार ढकललं. ते जरासं अडलं, मग उघडलं. तोंडावर हवा आली ती गार नव्हती. कढत पाण्यानं कोणी न्हाऊन गेल्यावर न्हाणीघरात जशी हवा साठून राहते, तशी होती. ‘दार लाव, दार लाव,’ अप्पा, आई, आत्या तिघंही एकदम म्हणाली. मी आत गेले आणि टाचेनं दार लावून घेतलं.

त्या उन्हाळ्याला आता बरीच वर्षं झाली. परवा पुन्हा कत्तिरी लागली. कत्तिरी म्हणजे मे महिन्यातले सगळ्यांत कडक दिवस. पंचांगात त्यांची सुरुवात आणि शेवट छापलेला असतो, आणि आमच्या तंजावुरात लोक त्यांच्याबद्दल एखाद्या मानी पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलतात. आला, बसला, आता निघेल. तो बसलेला असताना कोणी नवं काम काढत नाही, कोणाला शब्द देत नाही. मी आता घरापासून दूर राहते. इथं दुपार कलली की वारा सुटतो आणि खोलीतला कागद उडतो. तरी कत्तिरी लागली की माझे कान आपोआप बंद दारामागचं ऐकू लागतात.

परवा अप्पांचा फोन आला. त्यांनी दोन वर्षांपूर्वी घरात एअरकंडिशनर बसवला आहे. कत्तिरीच्या आधी मेकॅनिक येऊन गेला, जाळी धुतली, मागच्या पातळ पात्यांतली धूळ ब्रशनं काढली, पाणी ठिबकत होतं तो पाइप जरा खाली वळवला, हे सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. अप्पा सर्व्हे खात्यात होते. जमिनीचा तुकडा मोजताना एक कोपरा राहू नये, तसंच त्यांचं सांगणं असतं. मग शेवटी, गेल्या वर्षी विचारलं होतं तसंच त्यांनी विचारलं, ‘ह्याला खिडकी बंदच ठेवायची, नाही कां गे?’

‘होय अप्पा. ह्याला बंदच.’



आमचं घर राजवाड्यामागच्या जुन्या गल्लीतलं नव्हे. तिथं आमचे बाकीचे मराठी लोक राहतात. अप्पांनी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत गच्चीचं घर बांधलं आणि नकाशा स्वतः काढला. समुद्र तसा लांब आहे, पण उन्हाळ्यात संध्याकाळी त्याचा वारा तंजावूरपर्यंत येऊन पोचतो, आणि अप्पांनी पूर्वेच्या भिंतीत त्याच्यासाठी मोठी खिडकी ठेवली होती. तिच्या समोर, पश्चिमेला, दुसरी. कागदावर त्या दोन खिडक्यांमधून त्यांनी बाणाची एक लांब रेघ ओढलेली मी लहानपणी पाहिली होती. तो बाण म्हणजे वारा, असं त्यांनी मला समजावलं होतं. घर बांधायच्या आधी वारा काढून ठेवणारा माणूस मला तेव्हा फार मोठा वाटला.

दरवर्षी पंगुणी, म्हणजे तमिळ वर्षाचा शेवटचा महिना, संपत आला की उन्हाळ्याची तयारी सुरू व्हायची. वायरमन सेल्वम यायचा. शिडीवर चढून पंख्यांची पाती उतरवायचा, आत्या ती ओल्या फडक्यानं पुसायची, आणि पुसताना वर्षभराची काळी धूळ बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवायची. ज्या पंख्याला हातानं ढकलल्याशिवाय सुरुवात होत नसे त्याचा कपॅसिटर बदलायचा. गच्चीला चुना लागायचा, दोन हात, आणि तो वाळेपर्यंत आईचे वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, थांबून राहायचे. माठाच्या पाण्यात वाळ्याची जुडी पडायची. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं की चुन्याचा आणि तापलेल्या विटेचा वास खाली यायचा, आणि पाठोपाठ पूर्वेच्या खिडकीतून तो बाण आत शिरायचा. कॅलेंडरची पानं फडफडायची. आई म्हणायची, ‘आला.’ बस, एवढंच. यापेक्षा जास्त गारवा घरात असतो हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तोवर तो पुरत होता.

मग ती नवी वर्षं आली. शेजारच्या गच्चीवर केबलची तार आली, गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ आला, आणि गावात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या दोन खोल्या उघडल्या. तिथं चपला बाहेर काढून आत जायचं आणि थंडीनं कुडकुडत मशीनसमोर बसायचं. मी जात होते. माझी बी.एस्सी.ची परीक्षा झाली होती. मशिनांना उकाडा सोसत नाही म्हणून ही थंडी, असं तिथले सर म्हणाले तेव्हा आम्ही मुली एकमेकींकडे पाहून हसलो होतो.

नागपूरचे काका आमचे लांबचे नातेवाईक. त्यांच्या आजोबांनी तंजावूर सोडलं ते रेल्वेच्या नोकरीसाठी, आणि मग ते घर तिकडचंच झालं. जानेवारीत काका, काकू आणि त्यांचा मुलगा शेखर मोठं देऊळ बघायला म्हणून दोन दिवस आमच्याकडे येऊन राहिले. देऊळ त्यांनी एका सकाळीत बघितलं. उरलेला वेळ मी वाढत असताना, पाणी देत असताना, न बोलत असताना मला बघितलं. शेखर कारखान्यात इंजिनिअर होता. तोही फारसा बोलला नाही. जाताना जानेवारीतही इथं पंखा लागतो याचं काकूंना फार नवल वाटलं. मग उन्हाळ्यात तुम्ही कसं करता हो, असं त्या आईला तीनदा म्हणाल्या.

एप्रिलच्या शेवटी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून निरोप आला की नागपूरहून एक मोठा डाग आला आहे.

तो कूलर होता. पत्र्याचं करडं कपाट, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंप आणि पंखा. तंजावुरात तसला कोणी पाहिला नव्हता. नागपूरला म्हणे घरोघरी असतो. टेम्पोतून तो उतरवताना समोरच्या घरातले लोक बाहेर येऊन उभे राहिले. अप्पांनी त्यावर हात ठेवला तो कपाटावर ठेवल्यासारखा नव्हता, पाहुण्याच्या खांद्यावर ठेवल्यासारखा होता. आमच्याकडे महाराष्ट्रातून आलेल्या कुठल्याही वस्तूचं असंच होतं. मग ती पैठणीची पेटी असो की तिळगुळाचा डबा. तीनशे वर्षं आम्ही इथं आहोत, भात सांबार जेवतो, स्वप्नंही तमिळमध्ये पडतात. पण तिकडून काही आलं की घर जरा ताठ बसतं.

कूलरबरोबर पत्र आलं. निळं आंतरदेशीय, मराठीत.

आता हे सांगायला हवं की आमच्या घरात देवनागरी फक्त मला वाचता येत होती. आई वाणसामानाची यादी मराठीत करते, पण तमिळ अक्षरांत. आत्या तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली, तीही तमिळमध्ये. अप्पांना इंग्रजी उत्तम. मी इंग्रजी शाळेतली. पण लहानपणी हिंदीच्या परीक्षांची शिकवणी लावली होती, त्यातून ही अक्षरं हाताला लागली. म्हणून नागपूरचं पत्र आलं की मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. शाळेत सिस्टर मला सारखं ‘लाउडर’ म्हणायच्या. मला तीन भाषा येत होत्या आणि तिन्हींत गप्प बसता येत होतं. पण पत्र वाचताना ती सोय नव्हती.

ते पत्र माझ्याबद्दल होतं. ‘चि. उमा आम्हां सर्वांना पसंत आहे,’ हे मी वाचलं, माझ्याच आवाजात, अप्पा, आई आणि आत्या यांच्याकडे न बघता. ‘मुलगी शांत आणि सुस्वभावी आहे,’ हेही वाचलं. आत्या म्हणाली, ‘हें पुन्हा वाच,’ आणि मी पुन्हा वाचलं. कान तापले होते. पत्राच्या तिन्ही घड्या संपल्या. उरली होती ती चिकटवायची आतली पट्टी, जिच्यावर लोक विसरलेलं काहीतरी बारीक अक्षरात कोंबतात. माझे डोळे माझ्या जिभेच्या पुढे गेले. पट्टीवर लिहिलं होतं, ‘एक विनंती. मुलीचे मत तिला स्वतंत्रपणे विचारून कळवावे. तिचा मनापासून होकार असेल तरच पुढे जावे असा शेखरचा आग्रह आहे.’ आणि त्याखाली, ‘कूलर खोलीच्या बाहेर, खिडकीला लावून ठेवावा व समोरची खिडकी उघडी राहू द्यावी. बंद खोलीत चालवल्यास हवा दमट होते.’

हे कसं वाचायचं? माझं मत विचारा, असं अप्पांना मीच सांगायचं? ते मागितल्यासारखं झालं असतं. विचारलं तर उत्तर द्यावं लागलं असतं, तिथंच, तिघांसमोर. मी पट्टी बोटानं आत दुमडली आणि म्हणाले, ‘बाकी क्षेम.’

आई म्हणाली, ‘किती चांगलें लिहितात.’

त्या संध्याकाळी कूलर खोलीच्या आत बसला. एवढी मानाची वस्तू उन्हात, खिडकीबाहेर ठेवायची हे कोणाच्या मनातही आलं नसतं. आणि गारवा म्हणजे काय ते आम्ही सिनेमा थिएटरात बघितलं होतं. दारं बंद, पडदे ओढलेले. अप्पांनी नकाशांना लावायची कापडी पट्टी आणली, मैद्याची खळ केली आणि पूर्वेच्या खिडकीची प्रत्येक फट चिकटवली. मग पश्चिमेच्या खिडकीची. दोन दिवस त्यांनी हे काम इतकं सुबक केलं की पट्ट्यांचे कोपरे काटकोनात होते. ज्यांनी बाण काढला होता त्याच हातांनी. मी खळीची वाटी धरून उभी होते.

खोली बंद झाली ती माझ्यामुळे, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

पहिले दोन दिवस वाळ्याचा वास सुंदर होता. तोच आठवतो सगळ्यांना. तिसऱ्या दिवसापासून मीठ ओलं झालं. आगपेटीची काडी तिसऱ्यांदा ओढल्यावर पेटायची. तळलेले अप्पळम, म्हणजे पापड, ताटात येईपर्यंत मऊ पडायचे. आत्या ते दुमडून खायची आणि म्हणायची की दातांना बरं आहे. चादरी अंगाला चिकटायच्या. आमच्या भाषेत घामाच्या त्या कोंडलेल्या उकाड्याला तमिळ शब्द आहे, पुळुक्कम. तो शब्द घरात बोलायचा नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी बोलत नव्हतं. बोललं तर ते कूलरला लागलं असतं, कूलरमधून नागपूरला, आणि नागपूरमधून मला. मी ‘उकडतं’ म्हटलं असतं तर ते लग्नाला नाही म्हटल्यासारखं झालं असतं. म्हणून चौघंही घाम पुसत म्हणायची, बरं वाटतं.

कूलरचं सगळं माझ्याकडे होतं. नळ सकाळी यायचा तेव्हा टाकी भरायची. दर चौथ्या दिवशी ती उपसून तळाचं शेवाळ घासायचं, कारण पाण्यात डासांची पिलं वळवळायला लागायची. पंपाच्या तोंडाशी वाळ्याचे तुकडे अडकले की ताटीवर पाणी एकाच बाजूनं उतरायचं. मग हात आत घालून ते काढायचे. बोटांना दिवसभर ओल्या गवताचा आणि लोखंडाचा वास राहायचा. मी ते मन लावून करत होते. कोणी म्हणालं असतं की मुलीला आवड आहे. म्हणालेच. राजवाड्यामागच्या गल्लीतले नातेवाईक एकेक करून कूलर बघायला आले, बंद खोलीत ओळीनं बसले, घामानं निथळले. एक मामी पदरानं मान पुसत म्हणाली, ‘उमा, तिकडे गेल्यावर असे दोन असतील गे. एक तुझा, एक सासूचा.’ सगळे हसले. मीही हसले. हसणं हा त्या खोलीतून बाहेर पडायचा एक मार्ग होता. अंग आत ठेवून जाता येत असे.

सेल्वम एकदा पंपाची वायर बघायला आला आणि पाच मिनिटं आत बसला. तो एकटाच असा होता ज्याला नागपूरचं काही देणं लागत नव्हतं. तो तमिळमध्ये आईला म्हणाला, ‘अम्मा, हा वारा नाही. ही वाफ आहे. तुम्ही सगळे इडलीच्या भांड्यात बसला आहात.’

आत्याला राग आला. तिनं त्याला बाष्पीभवन समजावलं. पाणी उडतं तेव्हा उष्णता घेऊन जातं, म्हणून माठातलं पाणी गार असतं, हे तिनं हजार मुलांना शिकवलं होतं. सेल्वमनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘टीचर, मग ते उडालेलं पाणी जातं कुठं? खिडकी तर बंद आहे.’  मी आत्याकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. मला वाटलं, आता ती म्हणेल. ती म्हणाली, ‘तूं तुझी वायर बघ.’

संध्याकाळी वारा यायचाच. ते सगळ्यांत वाईट होतं. पट्ट्या लावलेल्या काचेपलीकडे कडुलिंबाची फांदी हलताना दिसायची. आवाज नाही, स्पर्श नाही, नुसतं हलणं. आई भाजी निवडता निवडता मान वर करायची, तोंड उघडायची आणि मिटायची. ‘आला’ हा तिचा शब्द त्या उन्हाळ्यात कोणी ऐकला नाही.

मे महिन्याच्या मध्यावर मला दुसरं पत्र आलं, इंग्रजीत, माझ्या नावानं. कोइम्बतूरच्या कॉलेजात एम.सी.ए.ला जागा मिळाली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात होकार कळवायचा होता. अर्ज करताना अप्पा ‘करून बघ’ म्हणाले होते, जसं आपण पावसाळ्यात छत्री घे म्हणतो. ते पत्र मी कोणाला न दाखवता डिक्शनरीत ठेवलं. नागपूरचं पत्र देव्हाऱ्यात होतं, पट्टी आत दुमडलेली. एकाच खोलीत दोन पत्रं, आणि दोन्ही फक्त मला वाचता येत असल्यासारखी.

आणि मग आईला खोकला लागला. तिला थंडीत दम लागायचा, उन्हाळ्यात कधीच नाही. आता ती उशा रचून बसून राहायची आणि श्वास घेताना छातीतून बारीक शिटीसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? मी बरोबर होते. आई म्हणाली, ‘नाही हो. आमचें घर अगदी गार आहे. नागपूरहून कूलर आलाय.’ डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. परत येताना रिक्षात वारा लागला तर आईनं डोळे मिटून तोंड पुढे केलं आणि सगळा रस्ता तशीच बसली. घर आलं तरी तिला उतरावंसं वाटत नव्हतं. मी तिचा हात धरला. मला सांगायचं होतं. मी म्हणाले, ‘पायरी बघ.’

त्या दिवशी जेवताना मी प्रयत्न केला. खिडकी थोडी उघडी ठेवायची असते बहुतेक, असं म्हणाले. अप्पांनी मान वर केली. आत्यानं विचारलं, ‘कुठें लिहिलें आहे? तूं वाचलेंस त्यांत तर नव्हतें.’ कूलरची ओळ दाखवायची तर पट्टी उघडावी लागणार होती, आणि पट्टीवर आधी ती दुसरी ओळ होती. मी म्हणाले, मला वाटलं. आत्या म्हणाली, ‘वाटतें कसें? खिडकी उघडली तर गारवा राहील कां?’ आणि पुन्हा तेच ऐकू आलं, दार लाव.

हे आता लिहिताना मला त्या तिघांचा राग येत नाही. त्यांनी मला विचारलं नाही, पण विचारा असं सांगणारी ओळ मीच दाबून धरली होती. आणि त्या सगळ्यात मला विचारावं असं ज्याच्या मनात आलं तो एकटा माणूस तोच होता, ज्याला मला नाही म्हणायचं होतं. शेखरबद्दल माझ्या मनात एवढंच आहे, आणि ते कमी नाही. त्याच्या घरातल्या पत्रांवरूनच मी पुढे अशी मराठी लिहायला शिकले.

कत्तिरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी पत्राचं उत्तर लिहायला काढलं. कूलर पोचल्याचं एक इंग्रजी कार्ड त्यांनी आधीच टाकलं होतं. पण होकार कत्तिरीत द्यायचा नाही म्हणून ते थांबले होते. आणि असं पत्र मराठीतच जायला हवं होतं. म्हणजे मी लिहायला हवं होतं. दुपारची वेळ, खोली बंद, कूलर चालू. आई उशांना टेकून, आत्या तिच्या शेजारी, अप्पा खुर्चीत. मी जमिनीवर, मांडीवर पाट, त्यावर निळा कागद. तो इतका दमट झाला होता की शाई जराशी पसरायची.

अप्पा सांगत होते, मी लिहीत होते. कूलर उत्तम चालतो. घर अगदी गार असतें. आई खोकली. अप्पा थांबले, आणि खोकला थांबल्यावर पुढे सांगू लागले. मी ‘उत्तम’ लिहिलं, ‘गार’ लिहिलं. मग ते म्हणाले, ‘लिही. आम्हां सर्वांचा होकार आहे.’

मी ‘आम्हां सर्वांचा’ लिहिलं.

तेवढ्यात आईला पुन्हा उबळ आली, या वेळी थांबेना. आत्या पाणी आणायला उठली आणि दार उघडेना. गेले काही दिवस ते अडत होतं, फुगत होतं. आता चौकटीत गच्च बसलं होतं. आत्यानं ओढलं, अप्पांनी ओढलं. अप्पांनी पाय भिंतीला लावून ओढलं तेव्हा कडी त्यांच्या हातात आली. बाहेर सेल्वम शेजारच्या घरी काम करत होता, त्याला हाका मारल्या. त्यानं पलीकडून खांदा लावला आणि सांगितलं की लाकूड ओलं झालं आहे, तासल्याशिवाय निघणार नाही, मी रंधा घेऊन येतो. त्याची पावलं लांब गेली. कूलर चालूच होता. ताट्यांवरून पाणी ठिबकत होतं. आत्या आईची पाठ चोळत होती आणि दाराकडे बघत म्हणाली, ‘नागपूरला असेंच होत असेल.’

अप्पा परत खुर्चीत बसले. त्यांना काही सुचत नव्हतं, आणि न सुचलं की ते हातातलं काम पुरं करतात. कपाळ पुसून ते मला म्हणाले, ‘कुठवर आलो होतो?’

‘आम्हां सर्वांचा,’ मी वाचलं.

‘होकार आहे. लिही.’

आईच्या छातीतली शिटी ऐकू येत होती. काचेपलीकडे फांदी हलली. अजून संध्याकाळ झाली नव्हती, पण ती हलली. मी पेन कागदावर ठेवलं. उठून देव्हाऱ्यातलं पत्र काढलं. ओल्या कागदाची घडी फाटू नये म्हणून ती हळूहळू उघडली.

‘अप्पा, ह्यांत आणखी एक पट्टी आहे. मी ती वाचली नव्हती.’

 मी वाचलं. ‘एक विनंती. मुलीचे मत तिला स्वतंत्रपणे विचारून कळवावे.’ होकार असेल तरच, हे वाचलं. शेखरचा आग्रह आहे, हे वाचलं. मग कूलर खोलीच्या बाहेर, समोरची खिडकी उघडी, बंद खोलीत हवा दमट होते. शाळेत सिस्टर म्हणायच्या तेवढ्या मोठ्यानं वाचलं. आत्यानं छताकडे बघितलं आणि एक लांब श्वास सोडला, गणित सुटल्यासारखा. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रिक्षात वारा लागला होता तेव्हा होता तसा तो चेहरा होता.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते सर्व्हेतले. चुकलेली रेघ दिसली की ती कुठून चुकली ते आधी बघतात, ओरडत नाहीत. बराच वेळ त्यांनी खिडकीवरच्या आपल्या काटकोनातल्या पट्ट्या पाहिल्या. मग माझ्याकडे वळून, एखाद्या ऑफिसात अनोळखी माणसाला विचारावं तितक्या अदबीनं, त्यांनी विचारलं, ‘मग उमा, तुझें मत काय?’

‘नको, अप्पा,’ मी म्हणाले. ‘मला कोइम्बतूरला शिकायला जायचें आहे. आणि आधी ती खिडकी उघडा.’